एकाच झाडाचा पेरू पावसाळ्यात पाणचट आणि थंडीत गोड का लागतो?

नाशिकला दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की रविवार कारंजापासून गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारापर्यंत सगळीकडे पेरूच्या हातगाड्या दिसतात, आणि तो पेरू खरंच खाण्यासारखा असतो, घट्ट, गोड, नुसता हातात घेतला तरी वास येतो. पण पेरू तर ऑगस्टमध्ये पण येतो की! स्वस्तही असतो, पण चिरला की पाणचट, गोडी नाही, आणि निम्म्या वेळा आत अळी निघते. बऱ्याच जणांना वाटतं की ही वेगळी जात असेल किंवा लांबून आलेला माल असेल, पण तसं काही नसतं, खूपदा तो त्याच बागेतला, त्याच झाडाचा पेरू असतो. एकाच झाडाची दोन फळं इतकी वेगळी कशी काय होतात हे समजून घ्यायचं तर आधी झाड कसं चालतं ते बघावं लागतं.

पेरूला फूल फक्त नवीन फुटीवर येतं. म्हणजे नवीन कोंब फुटतो, त्याला समोरासमोर पानांच्या जोड्या येतात आणि त्या पानांच्या बगलेत कळ्या बसतात, जुन्या लाकडावर थेट फूल लागत नाही. ही कोवळी फूट जवळ जाऊन बघाच, ती गोल नसते, चौकोनी असते, बोटांत फिरवली तर चार कडा लागतात. आणि पान उन्हाकडे धरून बघितलं तर बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी आहेत, म्हणून पान चुरगळलं की तो ओळखीचा वास येतो. जांभूळ, लवंग, निलगिरी ही सगळी पेरूच्याच कुळातली, मिर्टेसी कुळातली झाडं, त्यांच्यातही अशा ग्रंथी असतात.

तर नवीन फूट कधी निघते यावर फळ कधी येणार हे ठरतं. आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांना छाटणीचं गणित वेगळं सांगायला नको, पण द्राक्षात एप्रिलच्या छाटणीनंतर वाढणाऱ्या काडीवर डोळ्यांच्या (म्हणजे न उमललेल्या कोंबांच्या) आत घड तयार होतो आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तो बाहेर पडतो. पेरूत असं आधी साठवून ठेवणं नाही, फूट निघाली की तिच्यावरच लगेच कळी दिसते. त्यामुळे हे झाड फार ऐकणारं आहे, तुम्ही फूट आणाल तेव्हा ते फुलतं.

नुसतं सोडून दिलं आणि पाणी देत राहिलं तर आपल्या हवेत ते वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं, पण मुख्य तीन बहार धरले जातात. जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा आंबे बहार, त्याची फळं पावसाळ्यात येतात. जून-जुलैच्या फुलांचा मृग बहार, त्याची फळं साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. आणि ऑक्टोबरच्या आसपास फुलणारा हस्त बहार, त्याची फळं उन्हाळा सुरू होताना. फूल ते फळ तयार व्हायला साधारण चार ते पाच महिने लागतात, त्यामुळे हा हिशोब सोपा आहे. हिवाळ्यातला पेरू म्हणजे मृग बहाराचा पेरू, आणि माझं स्पष्ट मत आहे की पेरू खावा तर तोच.

आता गोडीचा मुद्दा. पान दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि ती फळात येते, पण फळ आणि झाड दोघंही चोवीस तास श्वसन करत असतात आणि त्यात साखर खर्च होते. हा खर्च तापमानावर अवलंबून असतो, रात्र जितकी गार तितका कमी. नाशिकची थंडी सगळ्यांना माहीत आहे, निफाडला तर पारा किती खाली जातो ते दर डिसेंबरला बातम्यांत येतं, आणि दिवसा मात्र आकाश निरभ्र, ऊन भरपूर. म्हणजे दिवसा कमाई चांगली आणि रात्री खर्च कमी, शिवाय फळ सावकाश पिकतं त्यामुळे साखर आणि वास दोन्ही भरायला वेळ मिळतो. पावसाळ्यात सगळं उलटं असतं, दिवसभर ढग, रात्र उबदार, मुळांना पाणीच पाणी, फळ भराभर फुगतं आणि त्यातली साखर पातळ होते. सी जीवनसत्त्वसुद्धा पावसाळी फळापेक्षा हिवाळी फळात जास्त मिळतं. काही जातींच्या सालीवर लाल झाक येते ती पण थंड रात्रींमुळेच, उबदार हवेत तोच पेरू नुसता पिवळा राहतो.

अळीचं कारण पण ऋतूतच आहे. ही अळी फळमाशीची, बॅक्ट्रोसेरा नावाच्या माश्यांची. मादी आपल्या टोकदार अवयवाने साल टोचून आत अंडी घालते, एक दोन दिवसांत अळ्या निघतात, गर खातात, फळ गळून पडतं, मग अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि तिथून नवीन माशी बाहेर येते. उबदार दमट हवेत हे चक्र जोरात चालतं आणि थंडीत मंदावतं, म्हणून मृग बहाराचा पेरू बऱ्यापैकी वाचतो. बागेत जे रक्षक सापळे टांगलेले दिसतात त्यात मिथाइल युजेनॉल असतं, त्याच्या वासाला नर माश्या खेचल्या जातात (आपल्या तुळशीत पण हे द्रव्य असतं), नर संपले की मादीची अंडी फळत नाहीत. पण गळलेली फळं झाडाखाली तशीच पडू दिली तर सापळ्यांचा काही उपयोग नाही, ती रोज वेचून खोल पुरायलाच पाहिजेत. घेताना सालीवर बारीक काळपट टोचा आणि त्याच्या भोवती मऊ लागतंय का एवढं बघायचं.

फळ चिरल्यावर पण बघण्यासारखं खूप आहे. पेरूच्या बुडाला जो वाळका मुकुट असतो तो फुलाच्या निदलांचा, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या हिरव्या दलांचा, कारण पेरूच्या फुलात बीजकोष खाली असतो आणि बाकीचं फूल त्याच्या डोक्यावर. डाळिंबाचा मुकुटही असाच तयार होतो, दोघांची कुळं वेगळी पण गण (कुळांच्या वरचा गट) एकच. सालीखालचा घट्ट गर आणि मधला बियांचा मऊ गर वेगवेगळा लागतो, कारण बाहेरचा भाग फुलाच्या बुडाच्या पेल्यापासून बनतो आणि आतला बीजकोषापासून. दाताखाली जे रवाळ कचकच लागतं ते फक्त बियांमुळे नाही, गरात जाड भिंतींच्या कडक पेशी असतात, त्यांना अश्मपेशी म्हणतात. कच्च्या पेरूचा तुरटपणा टॅनिनमुळे, टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं होतं. गाडीवर मीठ-तिखट लावून देतात त्यामागे पण शास्त्र आहे, मिठातलं सोडियम कडवट चव दाबतं आणि मग गोडी पुढे येते.

आणि बिया! बिया खाल्ल्या की अपेंडिक्समध्ये अडकतात म्हणून कित्येक घरांत मुलांना पेरूचा मधला भाग काढून देतात, आणि तो तर सगळ्यात गोड भाग. बिया पचत नाहीत हे खरं आहे, पण त्या जशा गेल्या तशाच बाहेर पडतात आणि झाडाला तेच तर पाहिजे असतं. पोपट, बुलबुल, वटवाघळं, माकडं सगळे पेरू खाऊन लांब जाऊन बिया टाकतात, म्हणूनच भिंतीच्या कडेला, नाल्याकाठी आपोआप पेरू उगवतो. हे झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आलं, आणि बिया पसरवण्याची त्याची ताकद इतकी की गालापागोस बेटांवर ते उपद्रवी झाड ठरलंय.

थंडीत पेरू खाल्ला की सर्दी होते हे पण ऐकलेलं असेलच. सर्दी विषाणूमुळे होते, पेरूमुळे नाही. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅमच्या पुढे सी जीवनसत्त्व असतं, संत्र्यात ५० च्या आसपास, म्हणजे पेरूत चौपट! पण म्हणून पेरू खाल्ला की सर्दी होणारच नाही असंही कोणी म्हणू नये, नियमित सी जीवनसत्त्व घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते एवढंच अभ्यासांत दिसतं. त्यापेक्षा मोठा फायदा लोहाचा आहे. बाजरी, मेथी, डाळी यांतलं लोह शरीराला सहज शोषता येत नाही, सी जीवनसत्त्व सोबत असेल तर शोषण चांगलं वाढतं, त्यामुळे बाजरीच्या भाकरीसोबत पेरूची कोशिंबीर हा फार विचार करून केल्यासारखा बेत आहे, विशेषतः ज्या बायका-मुलींचं हिमोग्लोबिन कमी असतं त्यांच्यासाठी. शिजवलं की हे जीवनसत्त्व बरंच जातं, आणि ते सालीत आणि सालीजवळच्या गरात जास्त असतं, म्हणून पेरू सोलू नका. गुलाबी गराच्या पेरूत वरून लायकोपीन असतं, ते टोमॅटोतलं लाल द्रव्य, आणि कच्च्या टोमॅटोपेक्षा जास्तच.

जातींबद्दल थोडं. आपल्याकडचा सरदार, म्हणजेच लखनऊ-४९, हा पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ मध्ये अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून निवडला. बियांपासून लावलेला पेरू आईसारखा निघेलच असं नसतं कारण परागकण दुसऱ्या झाडाचे पण येतात, म्हणून चांगली जात टिकवायला कलमच लागतं. बिनबियांच्या पेरूत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यांची नीट वाटणी होत नाही म्हणून बी तयार होत नाही, पण झाडाला फळंही कमी लागतात. हल्ली फोममध्ये गुंडाळलेले मोठाले पेरू मिळतात ते दिसायला सुंदर, खायला कुरकुरीत, पण वासात मला तरी जुना सरदारच वरचढ वाटतो.

घरी आणल्यावर पूर्ण वाढलेला हिरवा पेरू बाहेरच ठेवा, तोडल्यावरही तो पिकतो, स्वतःच इथिलीन सोडतो आणि सालीचा रंग, वास बदलत जातो. अगदी कोवळा तोडला असेल तर मात्र मऊ होईल पण गोड होणार नाही. फ्रिजच्या गारव्यात जास्त दिवस ठेवला तर साल तपकिरी पडते आणि नंतर तो नीट पिकतही नाही.

ज्यांच्या अंगणात पेरूचं झाड आहे, आणि नाशिकच्या जुन्या बंगल्यांत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, त्यांनी मृग बहार धरायला एक करून बघावं. फेब्रुवारीनंतर त्याला पाणी बंद करा (यालाच ताण देणं म्हणतात), पानं पिवळी पडून गळायला लागली तरी घाबरू नका, झाड तेव्हा वाढ थांबवून अन्न साठवत असतं. तरीही काही फुलं आलीच तर खुडून टाका. मेमध्ये फांद्यांचे शेंडे छाटा, आळं खणून कुजलेलं शेणखत घाला आणि जूनच्या सुरुवातीला पाऊस लांबला तर ताण तोडायला आधी हलकं पाणी द्या, एकदम भरपूर नाही. काळी जमीन ओल धरून ठेवते, तिथे ताण बसायला जास्त दिवस लागतात, मुरमाड जमिनीत लवकर बसतो. दोन-तीन आठवड्यांत चौकोनी कोवळी फूट दिसायला लागेल आणि तिच्या पानांच्या बगलेत कळ्या, त्यांची फळं नोव्हेंबरच्या पुढे तयार होतील.