मुंबईतील मासेमारी, शेती व वनांसाठीच्या शासकीय साहाय्य योजना

बृहन्मुंबईच्या हद्दीत मासेमारी, दुग्धव्यवसाय, उरलीसुरली शेती आणि वनक्षेत्र यांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांना केंद्र व राज्य शासनाकडून मिळणारी अनुदाने, करपरतावा, सवलतीची कर्जे, विमा आणि नुकसानभरपाई यांचा या नोंदीत विचार केला आहे. या सर्व क्षेत्रांत मासेमारी सर्वांत मोठी असल्याने तिचे विवेचन विस्ताराने येते. मंत्रालय मुंबईत आहे आणि शेतीला कर्ज पुरवणाऱ्या बँकांना वित्तपुरवठा करणाऱ्या नाबार्डचे (स्थापना १९८२) मुख्यालयही वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. राज्याच्या आणि देशाच्या शेतीचा पैसा या शहरातून हलतो, पण शहरातलेच कोळी, आदिवासी आणि तबेलेवाले योजनांच्या चर्चेत क्वचित दिसतात.

पार्श्वभूमी

कुलाबा, वरळी, माहीम, चिंबई, खारदांडा, जुहू-मोरागाव, वेसावे, मढ, भाटी, मनोरी, गोराई हे पश्चिमेकडचे आणि शिवडी, माहूल, तुर्भे हे खाडीकाठचे कोळीवाडे म्हणजे शहराची मूळ वस्ती. ससून गोदी १८७५ मध्ये बांधली गेली. ती आणि भाऊचा धक्का ही आजही मासळी उतरवण्याची मुख्य बंदरे आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवार्षिक योजनांनी शिडाच्या होडीला इंजिन बसवणे हेच मत्स्यविकासाचे सूत्र मानले. इंजिन, नायलॉनचे सूत, तयार जाळी, बर्फ कारखाना अशा प्रत्येक बाबीसाठी कर्ज किंवा अनुदान सुरू झाले आणि ते मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत देण्याची पद्धत रूढ झाली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकारी विकास निगमाच्या पैशातून यांत्रिक नौका बांधल्या गेल्या. त्या कर्जांची थकबाकी हा किनारपट्टीवरच्या अनेक संस्थांचा जुना आजार आहे.

संस्थेमार्फत मदत देण्याचा फायदा उघड होता. एकट्या नाखव्याला (नौकामालकाला) बँक दारात उभी करत नसे, संस्थेला करत असे. पण त्याच वेळी मदतीची दिशाही ठरून गेली. ज्याच्या नावावर नौका, त्याच्याकडे मदत. नौकेवर कष्ट करणारा खलाशी आणि मासळी विकून घर चालवणारी कोळीण यांच्यासाठी त्या चौकटीत स्वतंत्र जागा नव्हती. पुढच्या जवळजवळ सर्व योजनांवर या रचनेची छाप आहे.

डिझेल परतावा

मुंबईच्या बंदरावर ‘योजना’ म्हटले की पहिल्यांदा डिझेलच्या परताव्याचाच विषय निघतो. यांत्रिक नौकेच्या फेरीखर्चात डिझेल हाच सर्वांत मोठा भाग असतो. नौकेची नोंदणी व परवाना चालू असला आणि मालक संस्थेचा सभासद असला, की मत्स्यव्यवसाय विभाग नौकेला वार्षिक डिझेल कोटा मंजूर करतो. संस्थेच्या पंपावर मालक पूर्ण दराने डिझेल घेतो आणि त्यातील राज्याच्या मूल्यवर्धित कराची रक्कम नंतर परत मिळते.

‘नंतर’ किती उशिरा, यावर या योजनेची सगळी उपयुक्तता अवलंबून आहे. अंदाजपत्रकातली तरतूद संपली की परतावा थकतो, आणि थकलेल्या परताव्याचा प्रश्न विधिमंडळात वर्षानुवर्षे विचारला गेला आहे. दरम्यान मालक दलालाकडून उचल घेतो आणि त्या बदल्यात मासळी त्याच दलालाला, त्याने सांगितलेल्या भावाने द्यावी लागते. वेळेवर मिळालेला परतावा म्हणजे करसवलत, पण वर्षभराने मिळालेल्या परताव्यातून आधी उचलीचे देणे फिटते. या फरकाची नोंद कोणत्याही शासकीय अहवालातल्या ‘वितरित रक्कम’ या रकान्यात होत नाही.

मार्च २०२२ मध्ये आणखी एक पेच समोर आला. तेल कंपन्यांनी घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा दर लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी वाढवला. मच्छीमार संस्था घाऊक ग्राहकांत मोडत असल्याने त्यांच्या पंपावरचे डिझेल रस्त्यावरच्या साध्या पंपापेक्षा महाग झाले. कोटा आणि परतावा मात्र संस्थेच्या पंपाशी बांधलेला होता.

अनुदानित डिझेलमुळे मासेमारीची क्षमता वाढते आणि साठे घटतात, असा आक्षेप जागतिक व्यापार संघटनेत घेतला जातो. मत्स्य अनुदानांबाबतचा करार तेथे १७ जून २०२२ रोजी मंजूर झाला. लहान मच्छीमाराला मिळणारी मदत आणि दूर समुद्रातील औद्योगिक ताफ्यांना मिळणारी मदत एका मापाने मोजू नये, ही भारताची भूमिका राहिली आहे. ती योग्यच आहे. मात्र देशांतर्गतही हाच भेद करायला हवा. डोल (खुंटाला बांधलेले पिशवीवजा जाळे) लावणारी छोटी नौका आणि मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्याची मोठी नौका यांना एकाच दृष्टीने पाहिले, तर बोंबील-जवळ्यावर जगणाऱ्या कोळ्याचे नुकसान त्याच्याच नावाने दिलेल्या मदतीतून होते. पर्ससीनमुळे होणाऱ्या हानीचा अभ्यास सोमवंशी समितीने केला होता. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने या जाळ्यांवर निर्बंध घातले आणि १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवला.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना

१० सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेचा एकूण आकार २०,०५० कोटी रुपयांचा असून त्यात लाभार्थींचा स्वतःचा वाटाही धरलेला आहे. वैयक्तिक लाभाच्या घटकांत सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के अनुदान मिळते. अनुदानाचा भार केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. खोल समुद्रातील नौका, शीतपेटीसह दुचाकी वा तीनचाकी, बर्फ कारखाना, मासळी विक्री केंद्र असे अनेक घटक तिच्यात आहेत. वेसावे किंवा ससून गोदीतून मासळी घेऊन उपनगरात विकणाऱ्या बाईला शीतपेटीचे वाहन खरोखर उपयोगी पडते. पण उरलेले ४० टक्के आधी उभे करायचे आणि अनुदान मागाहून यायचे, या क्रमामुळे दिवसाच्या विक्रीवर जगणारी विक्रेती अर्जापर्यंत पोचतच नाही.

समूह अपघात विमा या योजनेचाच भाग असून त्याचा हप्ता पूर्णपणे शासन भरते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि रुग्णालयातील उपचारासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. वयोमर्यादा १८ ते ७० आहे. नौकेवरच्या माणसापर्यंत थेट पोचू शकणारी ही मोजक्या योजनांपैकी एक आहे. तरीही अडचण नोंदणीची येते. मुंबईच्या नौकांवर डहाणू-तलासरीचे आदिवासी, रत्नागिरी-रायगडचे कोकणी आणि परराज्यांतले, नेपाळचेही खलाशी हंगामापुरते येतात. संस्थेच्या यादीत नाव नसले की अपघातानंतर कागद जमवताना घरच्यांची ससेहोलपट होते.

मच्छीमाराचे ओळखपत्रही मुंबईच्या इतिहासाशी जोडलेले आहे. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आले आणि कफ परेडजवळच्या मच्छीमार वसाहतीपाशी उतरले. त्यानंतर सागरी मच्छीमारांची बायोमेट्रिक नोंद सक्तीने झाली. सुरक्षेसाठी काढलेले हे कार्ड पुढे योजनांच्या अर्जालाही जोडावे लागू लागले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे देशातील १ लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या उपक्रमाचा प्रारंभ झाला. इस्रोने विकसित केलेले हे यंत्र मोफत दिले जाते आणि मोबाइलच्या टप्प्याबाहेर गेलेल्या नौकेला त्यावरून वादळाचा इशारा मिळतो.

बंदीचा काळ, वादळे आणि विकासकामे

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. कोळी समाज पूर्वीपासून नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच होड्या पाण्यात लोटत आला आहे. त्यामुळे बंदीचे तत्त्व त्याला पटवून द्यावे लागत नाही, रिकाम्या महिन्यांत घर चालवण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. केंद्राच्या उपजीविका व पोषण साहाय्य घटकात शासनाचे ३,००० आणि मच्छीमाराने साठवलेले १,५०० असे ४,५०० रुपये तीन महिन्यांत मिळून दिले जातात, तेही दारिद्र्यरेषेखालील कुटुंबालाच. मुंबईत एवढ्या रकमेत एका कुटुंबाचा एक महिनाही निघत नाही.

फयान (२००९), क्यार व महा (२०१९), निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांनी हंगामच्या हंगाम बुडवले. क्यार-महानंतर राज्याने २०२० मध्ये मच्छीमारांसाठी सुमारे ६५ कोटी रुपयांचे विशेष पॅकेज दिले. पीक बुडाल्यावर शेतकऱ्याला मदत कशी द्यायची याची ठरलेली व्यवस्था होती, मच्छीमारासाठी ती नव्हती. बुडालेली नौका मोजता येते, पण वलांडीवर (मासळी वाळवण्याच्या मांडणीवर) भिजून सडलेल्या बोंबलाचा पंचनामा कोण करणार?

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. त्यानुसार कृषिदराने वीज, कृषिदराने कर्ज आणि विमा, तसेच सौरऊर्जेच्या सवलती मच्छीमार, बर्फ कारखाने व प्रक्रिया केंद्रांना मिळावयाच्या आहेत. मुंबईत वीज बेस्ट, अदानी, टाटा आणि भांडुप-मुलुंड भागात महावितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या देतात. त्यामुळे ही सवलत प्रत्येक कंपनीच्या दरपत्रकात उतरली तरच बंदरावरच्या बर्फाच्या लादीचा भाव उतरेल. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांना खुले आहे. खेळत्या भांडवलासाठी २ लाखांपर्यंतचे कर्ज वेळेवर फेडल्यास व्याज प्रत्यक्षात ४ टक्के पडते. दलालाच्या उचलीला खरा पर्याय देण्याची ताकद याच कार्डात आहे.

पूल, बंदरे आणि सागरी रस्ते यांमुळे मासेमारीची ठिकाणे जातात, त्याची भरपाई हा वेगळा विषय आहे. ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बाधित मच्छीमारांच्या हक्काची दखल घेतली आणि त्यानंतर राज्याने भरपाईचे धोरण आखले. किनारी रस्त्याच्या बाबतीत वरळीच्या मच्छीमारांनी पैशापेक्षा वाट मागितली. त्यांच्या लढ्यानंतर क्लीव्हलँड बंदरासमोरील खांबांमधील अंतर ६० वरून १२० मीटर करण्यात आले. नौकेला सुरक्षित वाट मिळाली तर अनुदानाची गरज कमी भासते, हे या मागणीमागचे व्यवहारी शहाणपण होते.

कांदळवने व वनक्षेत्र

राज्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. २०१७ पासून राबवल्या जाणाऱ्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन, पिंजऱ्यातील जिताडा, कालवे व शोभिवंत मासे यांसाठी गटांना ९० टक्के आणि व्यक्तींना ७५ टक्के अनुदान आहे. खाडीचे पाणी स्वच्छ असलेल्या सिंधुदुर्गासारख्या भागात ही योजना चांगली रुजते. माहूल-शिवडीच्या खाडीत सांडपाणी आणि तेलाचा तवंग असताना नुसते अनुदान खेकडा जगवू शकत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली एक छोटी योजना मात्र मनापासून दाद द्यावी अशी आहे. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा देवमासा-बहिरी (व्हेल शार्क) यांसारखे संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर चित्रीकरणाचा पुरावा पाहून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मच्छीमाराला गुन्हेगार न मानता समुद्राचा राखणदार मानणारी अशी योजना विरळाच.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सुमारे १०४ चौ. किमी.) व आरे परिसरात बिबट्याचा वावर असल्याने वन विभागाची भरपाई मुंबईतही लागू होते. मनुष्यहानी झाल्यास वारसांना २५ लाख रुपये, तर गाय-म्हैस दगावल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते.

शेती व दुग्धव्यवसाय

शहरातील तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये उभारलेली आरे दूध वसाहत ही मुंबईतील सर्वांत मोठी कृषी साहाय्य योजना म्हणता येईल. शासनाने गोठे, चराईची जमीन आणि दूध प्रक्रियेची सोय एकाच ठिकाणी दिली. सुमारे १६ हजार जनावरे तेथे मावतील अशी ती आखणी होती.

त्याच आरेमधील पाड्यांत वारली, कोकणा व मल्हार कोळी कुटुंबे पावसाळी भात आणि भाजीपाला पिकवतात. जमीन दुग्धविकास विभागाच्या नावे असल्याने त्यांच्याकडे सातबारा नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळायला १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी जमीन नावावर असावी लागते आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० त्याच यादीवरून दिले जातात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी ही कुटुंबे दोन्ही योजनांबाहेर राहतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना मार्ग दाखवला आहे, परंतु १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा, आणि तोही वनजमिनीवरचा, सिद्ध करावा लागतो. आरेतील ८१२ एकर क्षेत्र राखीव वन म्हणून घोषित करण्याची प्रक्रिया २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा या हक्कांची चौकशी व नोंद हा तिचा आवश्यक भाग होता.

लोहमार्गालगतचे पालक-माठाचे वाफेही एका शासकीय धोरणातूनच आले. ‘अधिक अन्न पिकवा’ मोहिमेअंतर्गत रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना पडीक जागा नाममात्र शुल्काने भाजीसाठी देत असे. नाल्याच्या पाण्यावरून वाद झाल्याने अलीकडे या वाफ्यांना उतरती कळा लागली आहे. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यावर मुंबईत शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. त्यांचा लाभ प्रामुख्याने पुणे, नाशिक, सातारा अशा जिल्ह्यांतून माल घेऊन येणाऱ्या शेतकरी गटांना होतो.