भरावाखालचा ओरखडा: गॅसवाहिनीजवळच्या खोदकामाचे नियम कसे घडले

नैसर्गिक वायूच्या वाहिनीजवळ खोदायचे असेल तर आज अनेक देशांत क्रम ठरलेला आहे. आधी वाहिनीच्या मालकाला कळवायचे. त्याची माणसे येऊन जमिनीवर खुणा करेपर्यंत थांबायचे. खुणेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात यंत्र न लावता हाताने खोदायचे. आणि पाइपला काहीही लागले तर, गळती होवो वा न होवो, लगेच सांगायचे. पहिल्या तीन गोष्टी बऱ्यापैकी अंगवळणी पडल्या आहेत. चौथी अजून पडलेली नाही, आणि माझ्या मते चारांमध्ये तीच सर्वांत मोलाची आहे. हे का, ते समजायला या नियमांमागचा इतिहास पाहावा लागतो, कारण त्यांतला बहुतेक प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या दुर्घटनेनंतरच आला आहे.

जमिनीखालून गॅस नेण्याची सुरुवात दिव्यांसाठी झाली. लंडनमध्ये 1812 साली गॅस पुरवणाऱ्या पहिल्या कंपनीला सनद मिळाली आणि रस्त्यांखाली ओतीव लोखंडाचे नळ पसरू लागले. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला होता, त्याचा दाब अगदी कमी असे आणि त्याला स्वतःचाच उग्र वास होता. खोदणाऱ्याच्या हातात टिकाव आणि फावडे असे. पहार नळावर आपटली तर हाताला झिणझिण्या येत आणि माणूस थांबे. धोका तेव्हाही होता, पण चूक लहान राही आणि लगेच लक्षात येई.

पुढच्या शतकात या तिन्ही गोष्टी बदलल्या. अमेरिकेत जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू दूरवर नेण्याचे प्रयत्न सुरू झाले. 1872 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराकडे 25 मैल लांबीची वाहिनी टाकली गेली, तीही पाइन वृक्षाचे ओंडके पोखरून. ती अर्थातच टिकली नाही. पुढे पोलादी पाइप आले, सांधे वितळजोडाने पक्के झाले, दाब वाढत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांचे जाळेच उभे राहिले.

वासाचे संरक्षणही गेले होते, कारण नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत 18 मार्च 1937 रोजी असा वास नसलेला वायू तळघरात साचून स्फोट झाला आणि सुमारे 300 जण मरण पावले, त्यांत बहुतेक मुले होती. तो स्फोट खोदकामामुळे झालेला नव्हता. पण वायूत मुद्दाम दुर्गंधी मिसळण्याचा नियम त्यातून आला, आणि पाइप फुटल्यावर चरात उभ्या असलेल्या मजुराला आज जो पहिला इशारा मिळतो तो याच नियमामुळे. या इशाऱ्यावर पूर्ण विसंबता मात्र येत नाही. गळणारा वायू मातीतून झिरपत जातो तेव्हा माती ती दुर्गंधी शोषून घेऊ शकते. शिवाय लांब पल्ल्याच्या काही वाहिन्यांतील वायूत वास मिसळलेलाच नसतो.

तिसरा बदल यंत्राचा. ब्रिटनमध्ये जोसेफ बॅमफोर्ड यांनी 1953 मध्ये पुढे खोरे आणि मागे खोदणारा हात असलेले हायड्रॉलिक यंत्र बाजारात आणले. आज त्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो. त्यानंतरच्या दशकांत खोदकाम हातातून यंत्रात गेले. यंत्राने काम कित्येक पटींनी लवकर होऊ लागले, पण बकेटच्या दाताला पाइप लागला की मुळे लागली हे चालकाच्या हाताला कळेनासे झाले. इंजिनाच्या आवाजात पोलादावरचा खरवडा ऐकूही येत नाही.

मग वाहिनी कुठे आहे हे आधीच कळले पाहिजे, हा विचार आला. एका रस्त्याखाली गॅस, पाणी, वीज, दूरध्वनी आणि सांडपाणी अशा पाच-सहा मालकांचे नळ आणि केबल असतात. ठेकेदार कोणाकोणाकडे जाणार? त्याच रॉचेस्टरमध्ये 1964 साली यावर उपाय निघाला: खोदणाऱ्याने एकच फोन करायचा आणि त्या केंद्राने सगळ्या मालकांना निरोप द्यायचा. ही कल्पना एकेका राज्यात पसरत गेली.

रंगांच्या खुणांमागे मोठी किंमत आहे. लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटीच्या परिसरात 16 जून 1976 रोजी रस्ता रुंद करताना यंत्राने पेट्रोलची वाहिनी फोडली. फवारा उडाला, पेटला, आणि त्यात 9 जण मरण पावले. त्यानंतर जमिनीवर रंगाने खुणा करण्याची एकसारखी पद्धत रुजली. अमेरिकी संकेतात पिवळा रंग गॅस आणि तेलासाठी, लाल विजेसाठी, निळा पिण्याच्या पाण्यासाठी, हिरवा सांडपाण्यासाठी आणि नारिंगी दूरसंचारासाठी असतो, तर जिथे खोदायचे आहे ती जागा पांढऱ्याने दाखवतात. या खुणा पाइप साधारण कुठून जातो ते सांगतात, किती खोल आहे ते सांगत नाहीत. ही गोष्ट कामाच्या घाईत फार सहज विसरली जाते. वाहिनी टाकताना खोली नियमाप्रमाणे असते, पण नंतर रस्ता खाली घेतला जातो, उतार कापला जातो, पावसाने माती वाहून जाते. म्हणून खुणेच्या आसपास हाताने खोदून पाइप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यंत्र पुढे न्यायचे नाही, हा नियम. आता हाताऐवजी पाण्याच्या किंवा हवेच्या झोताने माती सैल करून ती निर्वात नळीने ओढून घेणारी यंत्रेही वापरतात.

पाइप सापडला आणि उघडा केला की धोका संपला, असेही नाही. जपानमधील ओसाका शहरात 8 एप्रिल 1970 रोजी भुयारी रेल्वेसाठी रस्ता उकरलेला होता. खालची माती काढल्यामुळे गॅसचा नळ खड्ड्यात लोंबत्या अवस्थेत होता आणि वरून फळ्या टाकून रस्ता चालू ठेवला होता. नळाचा सांधा निखळला. गॅस कंपनीची गाडी आली, ती पेटली, आग पाहायला लोक जमले, आणि त्याच फळ्यांवर उभे असताना खाली साचलेल्या गॅसचा स्फोट झाला. 79 जण मेले. उघड्या नळाला ठरावीक अंतरावर आधार देणे, सांध्यांवर ताण येऊ न देणे, गळती होताच आधी लोकांना लांब नेणे, या गोष्टींचा आग्रह का धरतात ते या एका संध्याकाळीतून कळते.

दक्षिण कोरियातील देगू शहरात 28 एप्रिल 1995 रोजी जे घडले ते मला त्याहून अस्वस्थ करते, कारण तिथे वेळ हातात होता. एका इमारतीच्या कामावर भोक पाडताना गॅसचा नळ फुटला. गॅस सांडपाण्याच्या मार्गाने शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खड्ड्यात शिरू लागला. नळ फुटल्याचे गॅस कंपनीला सुमारे अर्धा तास कळवले गेले नाही. सकाळी शाळेच्या वेळेला स्फोट झाला आणि 101 जण गेले. त्यांत शाळेकडे निघालेली कितीतरी मुले होती. फुटलेल्या जागी काहीच पेटले नव्हते. गॅस वाट मिळेल तिकडे जातो, गटारात, केबलच्या नळीत, तळघरात, आणि ठिणगी त्याला दुसरीकडेच भेटते. म्हणूनच फुटलेला पाइप स्वतः बुजवायला जाऊ नका, यंत्र आहे तसे सोडा, माणसे वाऱ्याच्या उलट दिशेला न्या आणि लगेच फोन करा, असे सांगतात.

दरम्यान पाइपही बदलला. 1960 च्या दशकापासून शहरांतल्या वाटपासाठी पॉलिथिलिनचे नळ आले. ते गंजत नाहीत, पण धातू शोधणाऱ्या उपकरणाला दिसतही नाहीत, त्यामुळे त्यांच्यासोबत एक तांब्याची तार पुरावी लागते आणि वर इशाऱ्याची पिवळी पट्टी. ती तार तुटली की नळ पुन्हा अदृश्य. बकेटने असा नळ ओढला गेला तर तो खड्ड्यात न तुटता लांबच्या सांध्याशी, कदाचित घराच्या भिंतीजवळ, तुटू शकतो. न खोदता आडवे भोक पाडत वाहिनी नेण्याचे तंत्रही याच काळात वाढले. त्यात ड्रिल सांडपाण्याच्या नळातून आरपार जाऊ शकते आणि गॅसचा नळ गटारातच राहतो, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. अमेरिकेतील केनोशा येथे 1976 मध्ये असेच झाले होते. तुंबलेले गटार साफ करणाऱ्या यंत्राने आतला गॅसचा नळ कापला, घर उडाले, दोघे मेले.

आता त्या चौथ्या गोष्टीकडे येतो.

न्यू जर्सीतील एडिसन येथे 23 मार्च 1994 रोजी मध्यरात्रीच्या थोडे आधी 36 इंच व्यासाची नैसर्गिक वायूची वाहिनी फुटली. ज्वाळा शेकडो फूट उंच गेल्या आणि शेजारच्या वसाहतीतल्या आठ इमारती जळाल्या. रहिवासी वेळीच पळाले म्हणून मोठी प्राणहानी टळली. व्हॉल्व्ह हाताने बंद करायचे होते आणि वायू थांबवायला अडीच तासांच्या आसपास लागले. त्या रात्री तिथे कोणीही खोदत नव्हते. तपासात पाइपवर जुने ओरखडे सापडले. पूर्वी कधीतरी खोदकामाच्या यंत्राने ते पडले होते.

पाच वर्षांनी, 10 जून 1999 रोजी, वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅममध्ये पेट्रोलची 16 इंची वाहिनी फुटून सुमारे 2,37,000 गॅलन पेट्रोल ओढ्यात गेले आणि पेटले. दहा वर्षांची दोन मुले आणि अठरा वर्षांचा एक तरुण मरण पावले. तिथेही 1994 मधील जलशुद्धीकरण केंद्राच्या कामात वाहिनीला यंत्र लागलेले होते. पाच वर्षे तो ओरखडा मातीखाली होता.

आणि 30 जुलै 2004 रोजी बेल्जियममधील गिलांगियाँ. औद्योगिक वसाहतीत बांधकाम चालू होते. सुमारे एक मीटर व्यासाची उच्च दाबाची वाहिनी काही काळापूर्वीच्या कामात यंत्राने खरवडली गेली होती. त्या सकाळी वाहिनीतला दाब वाढत असताना ती फुटली. गळतीची वर्दी मिळून आधीच पोहोचलेले अग्निशमन जवान मृतांमध्ये होते. एकूण 24 जण गेले, शंभराहून अधिक भाजले किंवा जखमी झाले.

तिन्ही ठिकाणी यंत्र लागले तेव्हा काहीच झाले नव्हते. असे का होते? पोलादी पाइपवर गंज रोखणारा लेप असतो. बकेटच्या दाताने तो निघतो, पोलाद खरवडले जाते, बऱ्याचदा पोचाही पडतो. खरवडलेल्या जागी भिंत पातळ होते आणि तिथला पृष्ठभाग कडक व ठिसूळ होतो. वाहिनीतला दाब मागणीनुसार रोज वरखाली होत राहतो. प्रत्येक चढउतारात पोचा किंचित बाहेर येतो, किंचित आत जातो, आणि ओरखड्याच्या तळाशी केसाएवढी भेग सुरू होते. ती वाढायला आठवडे लागतील किंवा वर्षे लागतील. तोवर बांधकाम पूर्ण होते, ठेकेदार निघून जातो, जागेवर गवत उगवते. जो पाइप तिथल्या तिथे फुटतो त्याबद्दल निदान सगळ्यांना कळते. जो फुटत नाही आणि ज्याच्यावर माती लोटली जाते तो पुढच्या कोणाच्या तरी दारात फुटतो.

मुकादम किंवा चालक गप्प का बसतो, हे समजणे कठीण नाही. काम थांबेल, दुरुस्तीचा खर्च वसूल केला जाईल, रोजंदारी जाईल. पाइप तर शाबूत दिसतो. मला यात माणसाच्या बेपर्वाईपेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा वाटतो. सांगणाऱ्यालाच शिक्षा होणार असेल तर ओरखडे झाकलेच जाणार. आणि वेळेवर कळले तर यावर उपाय सोपा असतो: दाब कमी करायचा, जागा तपासायची, खरवडलेला भाग घासून सपाट करायचा, वरून पोलादी कवच बसवायचे किंवा तेवढा तुकडा बदलायचा, आणि लेप पुन्हा लावायचा.

गेल्या पंचवीस वर्षांत बराचसा जोर मात्र खोदण्याआधीच्या सूचनेवर राहिला. अमेरिकेत 2007 पासून 811 हा देशभर एकच क्रमांक सुरू झाला. नेदरलँड्सने 2008 मध्ये कायदा करून यंत्राने खोदण्याआधी भूमिगत जाळ्याची माहिती मागवणे आणि मालकांनी ती देणे सक्तीचे केले. भारतात वाहिनीच्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, तलाव आणि वृक्षलागवड यांना 1962 च्या कायद्यानेच मनाई होती. खोदणाऱ्याला सर्व वाहिन्यांच्या मालकांशी जोडणारे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप 22 मार्च 2023 रोजी आले. हे सगळे हवेच होते. पण सूचना दिली, खुणा झाल्या, तरी यंत्र लागायचे तेव्हा लागतेच, आणि त्यानंतरच्या दहा मिनिटांत काय घडते ते कुठल्याही ॲपमध्ये नोंदले जात नाही.

अमेरिकेने 2016 पासून लागू केलेल्या केंद्रीय नियमांत हे स्पष्ट शब्दांत घातले: खोदकामात वाहिनीला कोणत्याही प्रकारची इजा झाली, तर गळती होवो वा न होवो, खोदणाऱ्याने ती वाहिनीच्या मालकाला तत्काळ कळवली पाहिजे, आणि वायू बाहेर पडत असेल तर आपत्कालीन सेवेलाही. एडिसनच्या आगीनंतर हा नियम यायला बावीस वर्षे लागली. कामाच्या करारनाम्यात, वेळेवर कळवलेल्या ओरखड्याची दुरुस्ती वाहिनीचा मालक स्वतःच्या खर्चाने करील, असे एक कलम बांधकाम सुरू होण्याआधी घालून घेता येते. ते घालायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.