मॉइसनाइट की झिरकोनिया? हिऱ्याऐवजी खडा निवडताना

साडेसहा मिलिमीटर व्यासाचे दोन गोल, रंगहीन, पैलू पाडलेले खडे पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले आणि हातभर अंतरावरून पाहिले, तर त्यांतला मॉइसनाइट कोणता आणि क्युबिक झिरकोनिया कोणता हे नवख्या माणसाला सहसा सांगता येत नाही. दोन्हींपैकी एकही हिरा नाही, हेदेखील बहुधा त्याच्या लक्षात येत नाही. विक्रेतेही या दोघांना ‘हिऱ्याचा स्वस्त पर्याय’ या एकाच पाटीखाली मांडतात आणि मग एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट का, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात तसाच राहतो. वास्तविक रंगहीन असणे आणि प्रयोगशाळेत तयार होणे, एवढेच या दोघांतले साम्य आहे. त्यांचे द्रव्य निराळे, प्रकाश खेळवण्याची रीत निराळी आणि झिजण्याचा वेग तर अगदीच निराळा. दोघांपैकी हिऱ्यासारखा अधिक कोण दिसतो, हे सगळे विचारतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. दागिना अंगावर कुठे आणि किती वेळ राहणार हे आधी ठरवले, तर बरीचशी निवड तिथेच होऊन जाते.

नावांचा घोळ मात्र आधी मिटवलेला बरा. क्युबिक झिरकोनिया म्हणजे झिरकोनियम ऑक्साइडचा घनाकृती रचनेचा स्फटिक. बोलताना आपण त्याला ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतो. झिरकॉन हा नावाने त्याच्या जवळचा, पण वेगळाच आणि खाणीतून निघणारा खडा असून तो झिरकोनियम सिलिकेटचा असतो. मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा या तुलनेत येत नाही, कारण तो कार्बनचाच आणि सर्वार्थाने हिराच असतो. रंगहीन सफायर किंवा रंगहीन टोपाझ हेही पर्याय म्हणून सुचवले जातात. ते देखणे असले तरी त्यांच्यातून रंगांच्या ठिणग्या फारशा उडत नाहीत, त्यामुळे हिऱ्याची आठवण करून देणारा खडा हवा असेल तर खरी निवड वरच्या दोघांतच राहते.

मॉइसनाइटची जन्मकथा गमतीची आहे. १८९३ साली आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ॲरिझोनातील कॅन्यन डायब्लो येथे पडलेल्या अशनीच्या तुकड्यात काही सूक्ष्म, कठीण कण आढळले आणि ते हिऱ्याचेच असावेत असे त्याला वाटले. ते सिलिकॉन कार्बाइडचे आहेत हे त्याने १९०४ मध्ये ओळखले आणि पुढच्या वर्षी या खनिजाला त्याचेच नाव देण्यात आले. म्हणजे हा खडा हिरा समजला जाण्याची परंपरा त्याच्या शोधापासूनच सुरू झाली. दरम्यान, हेच संयुग एडवर्ड ॲचेसनने विजेच्या भट्टीत तयार केले होते आणि ते ‘कार्बोरंडम’ या नावाने घासकामासाठी विकले जात होते. दागिन्यात बसवण्याजोगा मोठा आणि स्वच्छ स्फटिक मात्र २००० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला, वाफेच्या रूपातून थर बसवत सावकाश वाढवावा लागतो. हे तंत्र साधल्यावर १९९८ मध्ये मॉइसनाइटचे दागिने बाजारात आले. निसर्गात याचे बारीक कणच सापडतात, म्हणून ‘आकाशातून आलेला खडा’ ही जाहिरात कितीही मोहक असली, तरी अंगठीत बसलेला प्रत्येक मॉइसनाइट भट्टीतूनच आलेला असतो.

झिरकोनियाची अडचण वेगळी होती. झिरकोनियम ऑक्साइड वितळायला सुमारे २७०० अंश सेल्सिअस लागतात आणि एवढी उष्णता सोसून त्याला शुद्ध ठेवील असे साधे भांडे मिळत नाही. मॉस्कोतील लेबेदेव भौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी यावर नामी तोड काढली. पाणी खेळवून थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळ्यांच्या पिंजऱ्यात भुकटी भरायची आणि उच्च वारंवारतेच्या विद्युतचुंबकीय लहरींनी ती आतून वितळवायची. नळ्यांना टेकलेला बाहेरचा थर थंड राहून घट्ट होतो आणि वितळलेल्या द्रव्याचे भांडे ते द्रव्यच बनते. थंड होताना स्फटिकाची घनाकृती रचना मोडू नये, यासाठी त्यात यट्रियम किंवा कॅल्शियमचे ऑक्साइड मिसळतात. संस्थेच्या रशियन आद्याक्षरांवरून तिकडे या खड्याचे नाव ‘फियानिट’ पडले, आणि ज्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो त्याची कृती मुळात सोव्हिएत आहे, हे सांगितल्यावर बरेच जण चकित होतात. १९७६ पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. एका घाण्यात भरपूर स्वच्छ स्फटिक मिळत असल्यामुळे खड्याची किंमत नगण्य होते. दागिन्याच्या किमतीत खरा वाटा धातूचा आणि घडणावळीचा असतो.

आता दिसण्याकडे वळू. खड्याचे तेज प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते: प्रकाश किती वाकतो, म्हणजे अपवर्तनांक, आणि पांढऱ्या प्रकाशाचे रंग किती फाकतात, म्हणजे अपस्करण. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आणि अपस्करण ०.०४४ आहे. झिरकोनियाचे हेच आकडे सुमारे २.१६ आणि ०.०६०, तर मॉइसनाइटचे सुमारे २.६५ आणि ०.१०४ आहेत. याचा सरळ अर्थ असा की झिरकोनिया हिऱ्यापेक्षा थोडा कमी चमकतो आणि थोडे अधिक रंग फेकतो. मॉइसनाइट मात्र चमकतोही अधिक आणि रंग तर हिऱ्याच्या दुपटीहून जास्त फेकतो. म्हणूनच नवा, स्वच्छ आणि नीट पैलू पाडलेला झिरकोनिया हा मॉइसनाइटपेक्षा हिऱ्याच्या अधिक जवळ दिसतो, असे माझे मत आहे. महाग पर्याय तोच हुबेहूब, असे गृहीत धरून चालणाऱ्याला हे उलटे वाटेल. मोठा मॉइसनाइट छतावरच्या बारीक दिव्यांखाली धरला की त्यातून निळ्या, केशरी, हिरव्या ठिणग्या इतक्या उडतात की जाणकाराला शंका येतेच. चार-पाच मिलिमीटरच्या आतल्या खड्यात हा अतिरेक जाणवत नाही. ज्यांना असा रंगांचा उत्सव आवडतो त्यांनी मोठा मॉइसनाइट जरूर घ्यावा, पण तो मॉइसनाइट म्हणून घ्यावा.

दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर दोघांना वेगळे करणे अवघड नाही. मॉइसनाइट प्रकाशकिरणाचे दोन किरण करतो, म्हणजे त्याच्यात दुहेरी अपवर्तन होते. पैलू पाडताना स्फटिक अशा दिशेने धरतात की वरच्या सपाट पैलूतून सरळ पाहिल्यास हा परिणाम लपावा. खडा जरासा तिरका केला की तो उघड होतो. भिंगातून बाजूच्या पैलूमधून तळाकडे पाहा. पलीकडच्या पैलूंच्या कडा एकेकट्या न दिसता रुळांसारख्या जोडीने दिसू लागतात आणि खड्याचा अंतर्भाग किंचित धूसर भासतो. झिरकोनियात आणि हिऱ्यात प्रत्येक कड एकच आणि रेखीव दिसते. मी पहिल्यांदा असे पाहिले तेव्हा भिंगच सरकले असावे असे वाटून दोनदा पुसून घेतले होते.

भिंग नसेल तर वजन उपयोगी पडते, अर्थात खडा सुटा असेल तरच. झिरकोनियाची घनता ५.६ ते ६.० असते, हिऱ्याची ३.५२ आणि मॉइसनाइटची ३.२२. साडेसहा मिलिमीटरचा गोल हिरा साधारण १ कॅरटचा, म्हणजे ०.२ ग्रॅमचा भरतो. त्याच मापाचा झिरकोनिया १.६ ते १.७ कॅरटच्या आसपास जातो आणि मॉइसनाइट १ कॅरटच्या थोडा खालीच राहतो. म्हणूनच हे खडे कॅरटच्या आकड्यावरून घेऊ नयेत, मिलिमीटरमधले माप विचारावे. ‘१ कॅरट’ असे लिहिलेले असेल तर ते खड्याचे खरे वजन आहे की तेवढ्या आकाराच्या हिऱ्याचे, हे विचारून घ्यावे.

हिरा तपासण्याच्या पेनासारख्या यंत्रावर मात्र आंधळेपणाने विसंबू नये. साधे यंत्र खडा उष्णता किती चटकन वाहून नेतो ते पाहते. झिरकोनिया उष्णतेचा मंद वाहक असल्याने लगेच पकडला जातो, पण मॉइसनाइट उष्णता इतकी चांगली वाहतो की ते यंत्र त्याला हिरा म्हणून मोकळे होते. त्यासाठी विद्युतवाहकताही तपासणारे यंत्र लागते.

टिकाऊपणाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानात तो दिसत नाही. मोह्सच्या काठिण्यश्रेणीत हिरा १० वर, मॉइसनाइट ९.२५ च्या आसपास आणि झिरकोनिया ८ ते ८.५ वर आहे. आकड्यांतला फरक किरकोळ भासतो, परंतु या श्रेणीतली पायरी म्हणजे केवळ क्रम असतो. एका पायरीवरून दुसरीवर जाताना काठिण्य सारख्या मापाने वाढत नाही. घरातल्या धुळीत वाळूचे, म्हणजे ७ काठिण्याचे कण असतात आणि कागदावर पाहता त्यांनी दोघांपैकी कुणालाही ओरखडा काढू नये. प्रत्यक्षात मात्र बोटातला खडा भांडी, कुलपे, दरवाजांच्या मुठी, दुसऱ्या अंगठ्या यांवर रोज आपटत आणि घासत असतो. काही वर्षे रोज वापरलेली झिरकोनियाची अंगठी भिंगाखाली धरली तर पैलूंच्या ज्या कडा नवेपणी सुरीसारख्या होत्या, त्या गोलसर झालेल्या, मधूनमधून कपरे उडालेल्या आणि वरच्या पैलूवर बारीक रेघांचे जाळे पसरलेले दिसते. भिंगाशिवाय हे सगळे ‘खडा पांढुरका पडला’ एवढ्याच रूपात जाणवते. हा पांढुरकेपणा दर वेळी झिजेचाच असतो असे नाही. साबण, क्रीम आणि त्वचेवरचे तेल यांचा थर बसूनही खडा मंद होतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने मागून-पुढून घासावे. तेज परतले तर मळ होता, न परतले तर झीज आहे आणि तिच्यावर खडा बदलण्याखेरीज सोयीचा उपाय नाही. मॉइसनाइटवर कधीकधी तेलाच्या तवंगासारखा इंद्रधनुषी थर दिसतो, तो पॉलिशच्या फडक्याने निघतो. त्याच्या कडा वर्षानुवर्षे जशाच्या तशा राहतात.

म्हणून रोज हातात राहणाऱ्या अंगठीसाठी मी मॉइसनाइटच सुचवीन, आणि सोन्यासारख्या टिकाऊ धातूत तो बसवायला हरकत नाही, कारण खडा आणि कोंदण दोन्ही बरोबरीने टिकतील. कानांतले, गळ्यातले आणि प्रसंगापुरते घालायचे दागिने यांची गोष्ट वेगळी. कानातला खडा क्वचितच कशावर घासला जातो. तिथे झिरकोनिया पुष्कळ वर्षे छान राहतो आणि मॉइसनाइटला मोजलेले जास्तीचे पैसे डोळ्यांना दिसतही नाहीत. रंगीत खडे हवे असतील तर झिरकोनियात निवड मोठी आहे, मात्र रंग स्फटिकाच्या आतला आहे की वरून दिलेला पातळ थर आहे, हे विचारून घ्यावे, थर झिजतो. झिरकोनियावर ‘ए’ हे अक्षर तीनदा किंवा पाचदा छापून दर्जा सांगितला जातो, पण त्यामागे सर्वांनी मान्य केलेले असे एकच प्रमाण नाही, म्हणून अक्षरे मोजण्यापेक्षा पैलू एकमेकांना नीट भिडतात का ते भिंगातून पाहणे बरे. मॉइसनाइटच्या रंगाला दिलेली डी, ई, एफ ही अक्षरे हिऱ्यांच्या प्रतवारीतून उसनी घेतलेली असतात. जुन्या मॉइसनाइटमध्ये पिवळसर-हिरवट झाक असे, आता रंगहीन खडे सहज मिळतात. तरीही खिडकीजवळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर उलटा ठेवून रंग पाहून घ्यावा. पुनर्विक्रीची अपेक्षा दोघांकडूनही ठेवू नये.

पावतीवर खड्याचे नाव मोघम न लिहिता ‘मॉइसनाइट’ किंवा ‘क्युबिक झिरकोनिया’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि त्यापुढे मिलिमीटरमधले माप टाकायला सांगावे. झिरकोनिया घेत असाल तर गोल आकार, प्रचलित माप आणि धातूच्या नख्यांनी धरलेले, मागून उघडे कोंदण निवडा, म्हणजे घासून स्वच्छ करणे आणि पुढे खडा बदलणे दोन्ही सोपे जाते. त्याच वेळी त्याच मापाचे एक-दोन सुटे खडे मागून ठेवा; खड्याची किंमत फारशी नसते, आणि एखादा निसटला किंवा मंद पडला तर मापाची शोधाशोध वाचते.