पुढचा अखंड आख : टोयोटा पिकअपमधल्या एका उलट्या बदलाची पार्श्वभूमी

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टोयोटाच्या फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) पिकअपमधून १९८६ च्या मॉडेलला पुढचा सॉलिड ॲक्सल गेला आणि त्याच्या जागी टॉर्शन बारवरचे (पिळ खाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांडीवरचे) आयएफएस, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना वेगवेगळे, स्वतंत्र सस्पेन्शन आले. चाळीस वर्षे होत आली, तरी लोक अजून ग्राइंडर घेऊन ते आयएफएस कापून काढतात आणि तिथे १९७९ ते १९८५ मधल्या गाडीचा ॲक्सल बसवतात. कंपनीने पुढे टाकलेले पाऊल गिऱ्हाइकाने स्वतःच्या खर्चाने मागे घ्यावे, हे वाहनांच्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही.

आधी शब्दाबद्दल. 'सॉलिड' म्हणजे भरीव असा अर्थ घेतला तर चुकतो. हौसिंगची, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाची नळी आतून पोकळ असते आणि चाके फिरवणारे शाफ्ट त्या पोकळीत असतात. 'सॉलिड' म्हणजे इथे अखंड, मध्ये न तुटलेला. बैलगाडीच्या आखाला दोन्ही चाके जशी एकमेकांशी बांधलेली असतात, तशीच इथेही. एक चाक धोंड्यावर चढले की दुसऱ्याला ते कळतेच.

पिकअपखाली पुढचा ॲक्सल नव्याने घालण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९३० च्या दशकात इंडियानापोलिसची एक कंपनी फोर्डच्या ट्रकना इंजिनची ताकद मिळणारे पुढचे ॲक्सल बसवून देत असे. १९५० च्या दशकात मिनेसोटातली दुसरी एक कंपनी शेवरोले आणि जीएमसी पिकअपसाठी त्याचे तयार किट विकत होती. १९५७ पासून ते किट कारखान्यातूनच लावून मिळू लागले. या गाड्या फोर-बाय-फोर करायचा तेव्हाचा मार्ग तो होता. पुढे कारखान्यांनी हे काम स्वतःकडे घेतले आणि दोन-अडीच दशके सगळे गृहीत धरून चालले.

मग १९८६ आले. या निर्णयावरचा वाद मिटलेला नाही आणि दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे आहे.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर गिऱ्हाईक बदलला होता. पूर्वी पिकअप शेतावर, खाणीवर, लाकूडतोडीच्या जागी जाई. आता तीच गाडी रोज हायवेने कामावर जाऊ लागली. १९७९ ते ८५ ची गाडी हायवेवर कशी चालते, हे ज्याने ती चालवली आहे त्याला विचारावे. पुढे कमानपाटे, आणि स्टिअरिंग बॉक्समधून निघालेली दांडी गाडीच्या लांबीच्या दिशेने नकलपर्यंत, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या सांध्यापर्यंत गेलेली. पाटे दबले की ॲक्सल हलतो, ॲक्सल हलला की ती दांडी नकलला ढकलते. ड्रायव्हरने काही न करता स्टिअरिंगला हिसका बसतो. गाडी उंच केली की हा दोष आणखी वाढतो. आयएफएसने तो बराच घालवला. खड्ड्याचा धक्का ज्या त्या चाकापुरता राहिला, गाडी सरळ चालू लागली. कंपनीने या रचनेला 'हाय-ट्रॅक' असे नाव देऊन तिची जाहिरात केली. वाळवंटातून वेगाने जाणाऱ्यांसाठीही हा बदल चांगलाच होता. कॅलिफोर्नियातले मोजावे वाळवंट आणि मेक्सिकोतला बाहा इथल्या रेताड वाटांवर स्वतंत्र सस्पेन्शन सरस ठरते, त्याबद्दल कुणी भांडत नाही.

पण त्याच कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगरात रुबिकॉन ट्रेल आहे. बावीस मैलांची ही वाट बव्हंशी ग्रॅनाइटच्या खडकांवरून जाते आणि वेग माणसाच्या चालण्याइतकाच असतो. इथे उजवे चाक कमरेएवढ्या खडकावर चढले की अखंड ॲक्सल डाव्या चाकाला खाली जमिनीवर दाबतो. आयएफएसमध्ये डाव्या चाकाला उजव्याची खबर नसते. ते हवेत राहते, गरगर फिरते आणि इंजिनची ताकद तिथेच संपते. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, पण माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. सॉलिड ॲक्सलचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा खाली लोंबतो हे खरे, पण तो चाकांबरोबर वर उचलला जातो. टायर जेवढा मोठा, तेवढी गोळ्याखालची जागा कायम. आयएफएसचा गोळा चासीला बांधलेला असतो. सपाटीवर तो उंच दिसतो, पण सस्पेन्शन दबले की गाडीचे पोटच खडकावर टेकते. कागदावर लिहिलेली उंची नेमकी गरजेच्या वेळी कमी होते.

मोठे टायर घालण्यासाठी टॉर्शन बार आवळून गाडी उचलली की शाफ्टचे सांधे तिरपे होतात आणि तुटू लागतात. शिवाय पुढचा डिफरन्शियल आठ इंचांचा होता तो साडेसात इंचांवर आला. स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा आयडलर आर्म लवकर ढिला होई, ही तक्रार तर आजही ऐकू येते.

खरी ठसठस मात्र वेगळीच आहे. याच काळात ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या हायलक्सखाली सॉलिड ॲक्सल १९९७ पर्यंत होता. म्हणजे तो बनवणे कंपनीला जड झाले नव्हते. अमेरिकेतल्या माणसाला तो नको, असे त्याला न विचारता ठरवले गेले. बहुसंख्य गिऱ्हाइकांसाठी तो हिशेब बरोबरच होता, हे मान्य करायला हवे. पण उरलेल्यांना पर्याय ठेवला नाही, आणि ही अदलाबदल सुरू झाली ती त्या उरलेल्यांमुळे. १९८५ ची गाडी आजही जपली जाते, कारण इंधन इंजेक्शनचे २२ आरई इंजिन आणि पुढचा सॉलिड ॲक्सल या दोन्ही गोष्टी फोर-बाय-फोरमध्ये एकत्र त्याच वर्षी मिळाल्या.

प्रत्यक्ष काम कष्टाचे आहे. आयएफएसचे ब्रॅकेट चासीवरून कापून, घासून साफ करायचे, पुढे पाट्यांचा हँगर वेल्ड करायचा, कॅस्टरचा (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याच्या पुढेमागे कलाचा) कोन जुळवायचा. हा कोन चुकला तर गाडी हायवेवर भरकटते. भंगारातून आणलेला ॲक्सल उघडताना पहिली परीक्षा नकलच्या आर्मवरच्या शंकूसारख्या वॉशरांची. नट काढला तरी ते निघत नाहीत. आर्मवर पितळी सळई टेकवून हातोड्याने जोरात ठोकावे लागते, तेव्हा कुठे ते 'टण्' करून उडतात. आत सील गेलेले असतील तर डिफरन्शियलचे ऑइल आणि सांध्यातले ग्रीस मिसळून काळी राबडी झालेली असते. सगळे धुऊन नवे बेअरिंग बसवल्यावर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून त्यांचा ताण जुळवतात. तो ताण मोजायला साधा ताणकाटा लागतो. नकलला काटा अडकवायचा, हळू ओढायचे आणि किती वजनावर तो वळू लागतो ते पाहायचे.

रुंदीचा प्रश्न त्यानंतरचा. १९८६ नंतरचा मागचा ॲक्सल आधीच्यापेक्षा सुमारे तीन इंच रुंद आहे, म्हणून जुना ॲक्सल पुढे घातला की पुढची चाके आत जातात. त्यावरचा तोडगा कापून टाकलेल्या आयएफएसमध्येच सापडला. त्याचे हब (चाक ज्यावर बसते ते तुंबे) जुन्या ॲक्सलला लावले की ही तफावत निघते. आयएफएसचा स्टिअरिंग बॉक्सही असाच उपयोगी पडला. त्याने दांडी आडवी नेता येते आणि तो जुना हिसका जातो. आज ज्यांच्या गाडीखाली मूळचाच सॉलिड ॲक्सल आहे, तेही हा बॉक्स शोधत फिरतात. ज्या बदलाविरुद्ध एवढे बोलले गेले, त्यातले दोन भाग विरोधकांनीच मनापासून स्वीकारले.

इतर कंपन्यांबद्दल थोडक्यात. फोर्डने १९८० मध्ये ट्विन ट्रॅक्शन बीम आणला, म्हणजे मध्ये तोडलेला ॲक्सल. शेवरोले पिकअपमध्ये १९८८ ला आयएफएस आले आणि डिफरन्शियल उजवीकडून डावीकडे गेला. त्यामुळे त्या गाडीला तिच्याच जुन्या बहिणीचा ॲक्सल चालत नाही, फोर्डचा शोधावा लागतो. डॉजच्या हलक्या पिकअपखाली सॉलिड ॲक्सल २००१ च्या मॉडेलपर्यंत टिकला. फोर्ड सुपर ड्यूटी आणि रॅमच्या जड पिकअप आजही पुढे सॉलिड ॲक्सलवरच चालतात. त्या आता भंगारात येऊ लागल्या आहेत आणि त्यांनी टोयोटावाल्यांचाही बाजार बदलला आहे. टोयोटाचा मूळ ॲक्सल सातच मॉडेल-वर्षांचा, प्रत्येक बदलासाठी एक जुनी गाडी खर्ची पडते. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चासी सडलेल्या गाड्यांखालून बरेच ॲक्सल निघाले, पण तो साठा संपत आला. आता नवी हौसिंग वेल्ड करून विकली जातात, नाहीतर वन-टन (जड पिकअपचा) ॲक्सल घालून गाडी रुंद केली जाते.

आपल्याकडे हीच गोष्ट महिंद्राच्या थारच्या निमित्ताने आली. २०१० च्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बारचे आयएफएस आणि मागे कमानपाटे होते, तर डीआय मॉडेलला पुढेही पाट्यांवरचा अखंड ॲक्सल. सह्याद्रीत दगडांच्या ओढ्यांतून गाडी काढणाऱ्या काहींनी सीआरडीईखाली डीआयचा किंवा जुन्या जीपचा ॲक्सल घातला. कॅस्टर, रुंदी, स्टिअरिंग या अडचणी त्याच होत्या. कायदा मात्र इथे जास्त कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये निकाल आला आणि मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, हे स्पष्ट झाले. माझ्या ओळखीच्या एका थारमालकाने त्यानंतर गाडी पुन्हा आयएफएसवर आणली. काढलेला ॲक्सल त्याच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर ठेवलेला आहे, नकलला ग्रीस लावून, वर गोणपाट टाकून.