डिमॅट खाते उघडण्याआधी ब्रोकर कसा पारखावा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

डिमॅट खाते, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचे खाते, मोफत उघडून मिळते एवढ्यावरून ब्रोकर ठरवू नका. खाते एकदाच उघडायचे असते, शुल्क मात्र दर विक्रीला आणि दर वर्षाला कापले जाते. म्हणून अर्जाला हात घालण्याआधी ब्रोकरचे दरपत्रक उघडा आणि आपण व्यवहार कसे करणार आहोत ते डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

समजा, एका ब्रोकरकडे डिलिव्हरीवर (शेअर खात्यात ठेवण्यासाठी घेतले तर) ब्रोकरेज, म्हणजे ब्रोकरची दलाली, शून्य आहे आणि डीपी शुल्क, म्हणजे विक्रीच्या वेळी डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचे शुल्क, 15 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 17 रुपये 70 पैसे होतात. तुम्ही 400 रुपयांचा एकच शेअर विकलात तर सव्वाचार टक्क्यांहून जास्त रक्कम तिथेच गेली. हे शुल्क शेअर्सच्या संख्येवर नसते. एका कंपनीचे शेअर एका दिवसात कितीही विका, ते एकदाच लागते. तेच शेअर चार दिवस थोडे थोडे विकले तर 70 रुपये 80 पैसे जातात. थोड्या रकमेने सुरुवात करणाऱ्याने ब्रोकरेजच्या आधी हा आकडा पाहावा. एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर) आणि स्टॅम्प ड्युटी सगळ्या ब्रोकरांकडे सारखीच असते, तिची तुलना करण्यात वेळ घालवू नका.

वार्षिक देखभाल शुल्काबद्दल एक सवलत फार लोकांना माहीत नसते. पहिले धारक म्हणून तुमच्या नावावर एकच डिमॅट खाते असेल आणि त्यातली गुंतवणूक 4 लाखांपर्यंत असेल, तर बेसिक सर्व्हिसेस डिमॅट अकाउंटला (छोट्या गुंतवणूकदारांसाठीच्या खात्याला) हे शुल्क लागत नाही. 4 ते 10 लाखांपर्यंत वर्षाला 100 रुपये लागतात. 1 सप्टेंबर 2024 पासून ही मर्यादा लागू आहे.

दर पटले की नोंदणी तपासा. सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, तिच्या संकेतस्थळावर ब्रोकरचे नाव शोधा. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होतो. त्या ब्रोकरविरुद्ध किती तक्रारी आल्या आणि किती सुटल्या, हे एक्स्चेंजच्या (शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर दिसते. तक्रारींचा आकडा ग्राहकसंख्येच्या तुलनेतच वाचा, कारण मोठ्या ब्रोकरकडे तक्रारी जास्त दिसणारच.

पात्रतेत फारसे काही नाही. 18 वर्षे पूर्ण आणि पॅन कार्ड असलेली कोणतीही निवासी व्यक्ती खाते उघडू शकते. गृहिणी आणि विद्यार्थीसुद्धा. किमान उत्पन्नाची अट नाही. 18 वर्षांखालील मुलाच्या नावाने पालकांमार्फत खाते निघते. अनिवासी भारतीयांची पद्धत वेगळी आहे.

कागदपत्रांत पॅन, आधार, बँकेचा पुरावा (नाव छापलेला रद्द केलेला चेक किंवा स्टेटमेंट) आणि कोऱ्या कागदावर केलेली सही लागते. फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअरच्या पुढच्या भावावर केलेले जोखमीचे करार) हवे असतील तर उत्पन्नाचा पुरावाही द्यावा लागतो: सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र किंवा पगारपत्रक.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. माझ्या मावशीच्या पॅनवर माहेरचे आडनाव होते, आधारवर सासरचे, आणि बँकेत मधले नाव गाळलेले. अर्ज दोनदा परत आला. शेवटी पॅनमधले नाव दुरुस्त करून घेतले, तेव्हा कुठे केवायसी पुढे सरकली. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहा.

प्रत्यक्ष अर्ज मोबाइलवर होतो. पॅन टाकायचे, डिजिलॉकरमधून आधारची माहिती घेऊ द्यायची, बँक खाते जोडायचे, लोकेशन चालू ठेवून कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा आणि शेवटी आधार ओटीपीने ई-सही करायची. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू नसेल तर ई-सही होत नाही, मग कागदी अर्ज भरावा लागतो. अर्जात नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. मदत करणाऱ्या एजंटाचा नंबर तिथे गेला तर व्यवहारांचे संदेश आणि ओटीपी त्याच्याकडे जातील.

ई-सही करण्याआधी अर्जात टिक केलेले पर्याय एकेक करून पाहा. फ्युचर्स-ऑप्शन्सची टिक नको असेल तर काढून टाका. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या व्यवहारांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, असे सेबीच्याच पाहणीत आढळले आहे. नव्या माणसाने ही टिक ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डीडीपीआय, म्हणजे विक्रीच्या वेळी तुमच्या खात्यातून शेअर काढण्याचा अधिकार ब्रोकरला देणे, हे ऐच्छिक आहे. तो दिला नाही तरी टीपिन (विक्रीला मंजुरी देण्याचा पिन) आणि ओटीपी वापरून शेअर विकता येतात. नॉमिनीचे नाव मात्र त्याच वेळी भरा.

खाते तयार झाले की 16 अंकी-अक्षरी क्रमांक मिळतो. सीडीएसएल आणि एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या दोन संस्था आहेत; सीडीएसएलचा असेल तर सगळे आकडे असतात, एनएसडीएलचा असेल तर ‘आयएन’ने सुरुवात होते. पैसे फक्त ब्रोकरच्या नावाच्या खात्यात भरा, कोणा व्यक्तीच्या खात्यात कधीही नाही. यूपीआयने भरताना ‘सेबी चेक’ या सेबीच्या सुविधेवर तो यूपीआय पत्ता पडताळता येतो.

पुढे तक्रारीची वेळ आली तर आधी ब्रोकरला लेखी कळवा आणि मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार-संकेतस्थळावर नोंदवा. तिथे ब्रोकरला उत्तरासाठी 21 दिवसांची मुदत असते.