पार्श्वभूमी : संगणक आले, राखणदाराचे पद आलेच नाही

पोखरणच्या अणुचाचण्या ११ आणि १३ मे १९९८ रोजी झाल्या. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नसतील, तोच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत ‘मिलवर्म’ नावाची टोळी शिरली. टोळी कसली, अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंड अशा देशांत विखुरलेली पंधरा ते अठरा वर्षांची पोरे होती ती. त्यांनी शास्त्रज्ञांच्या ई-मेल उचलल्या आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र चिकटवून चाचण्यांचा निषेध केला. देशाला अण्वस्त्रसज्ज करणाऱ्या संस्थेत शाळकरी वयाची मुले घरबसल्या घुसली, ही बातमी जगभर गाजली. अणुभट्टीला काही झाले नाही, गुप्त माहिती त्या यंत्रांवर नव्हती, असा दिलासा तेव्हा देण्यात आला. त्या यंत्रांवर रोज लक्ष ठेवण्याचे काम नेमके कोणाचे होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. आज सरकारी सायबर सुरक्षेबद्दल जी ओरड होते, तिचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे असे मला वाटते.

भारतात सरकारी कारभारात संगणक आला तो प्रामुख्याने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसीच्या वाटेने. ही संस्था १९७६ सालची. ऐंशीच्या दशकात तिने उपग्रहामार्फत जिल्ह्याची ठिकाणे जोडणारे ‘निकनेट’ उभारले. जगात इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी आपल्या कलेक्टर कचेऱ्यांत हे जाळे आले होते, आणि त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण या मांडणीत एक गोष्ट सुरुवातीपासून राहून गेली. यंत्र आणि प्रणाली एनआयसीची, वापर खात्याचा, माहिती जनतेची. सुरक्षा कोणाची, ते कुठल्याच फाईलवर स्पष्ट लिहिलेले नव्हते. खाते म्हणायचे, ते एनआयसीवाले बघतात. एनआयसीचे जिल्ह्यातले मूठभर लोक निवडणुकीपासून व्हिडिओ कॉन्फरन्सपर्यंत सगळ्याच कामांना जुंपलेले असत.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला. त्याने डिजिटल सहीला मान्यता दिली, संगणकावरचे गुन्हे ठरवले. चोराला शिक्षा काय हे लिहिले गेले, पण पहारा कोणी द्यायचा ते नाही. जानेवारी २००४ मध्ये ‘सर्ट-इन’ ही सायबर हल्ल्यांच्या वेळी धावून जाणारी केंद्र सरकारची संस्था सुरू झाली आणि २००८च्या दुरुस्तीने तिला कायद्यात स्थान मिळाले. सर्ट-इन इशारे देते, हल्ल्यानंतर मदत करते, तपासणी करणाऱ्या खासगी संस्थांची यादी ठेवते. खात्याच्या आत रोज बसणारा माणूस ती देऊ शकत नाही. व्यवहारात मग असे घडते : खाते निविदा काढते, यादीतल्या सर्वात कमी दराच्या संस्थेला काम जाते, ती संकेतस्थळ तपासून ‘सेफ टू होस्ट’ असे प्रमाणपत्र देते, आणि ते फाईलला लागले की काम झाले असे धरले जाते. पुढच्याच महिन्यात त्या संकेतस्थळावर नवा अर्ज, नवे पान चढते. त्याची तपासणी पुढच्या प्रमाणपत्राच्या वेळी.

आपल्या घरात कोण शिरले आहे हे बाहेरच्यांनी येऊन सांगावे, अशी वेळ लवकरच आली. मार्च २००९ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी ‘घोस्टनेट’ हे संगणकी हेरगिरीचे जाळे उघडकीस आणले. १०३ देशांतले १,२९५ संगणक त्या जाळ्यात होते. धरमशालेतल्या दलाई लामांच्या कार्यालयाचे संगणक होते, भारतीय वकिलातींचेही होते. एप्रिल २०१० मधल्या त्यांच्या पुढच्या अहवालात तर भारताच्या सुरक्षाविषयक कार्यालयांतली गोपनीय कागदपत्रेच चोरांच्या सर्व्हरवर सापडल्याचे नमूद होते. कॅनडातल्या विद्यापीठात बसलेल्या माणसांना जे दिसले, ते दिल्लीत कोणाला दिसले नाही. आपल्याकडे हुशारीची वाण होती म्हणून नव्हे. बघत बसण्यासाठी नेमलेली माणसेच फार थोडी होती म्हणून.

किती थोडी, त्याचा आकडा जून २०१३ मध्ये वर्तमानपत्रांत आला. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयातल्या एका टिपणाच्या आधारे छापलेल्या त्या बातमीनुसार, निरनिराळ्या सरकारी संस्थांत मिळून सायबर सुरक्षेचे तज्ज्ञ होते ५५६. आणखी ४,४४६ जण भरायचा विचार होता. त्याच महिन्यात अमेरिकेची जगभरची इंटरनेटवरची हेरगिरी उघड करणारे स्नोडेन प्रकरण फुटले होते. २ जुलै २०१३ रोजी राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर झाले आणि त्यात पाच वर्षांत पाच लाख कुशल माणसे घडवण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले.

हा पाच लाखांचा आकडा पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतो. त्यातली मेख अशी की ते उद्दिष्ट प्रशिक्षणाचे होते, पदांचे नव्हते. सरकारात माणूस कसा येतो हे ज्यांनी मंत्रालयाच्या पायऱ्या चढून पाहिले आहे त्यांना सांगायला नको. आधी खात्याचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, सुधारावा लागतो. त्यात नवे पद दाखवायचे तर वित्त विभागाची मान्यता लागते, आणि वित्त विभाग विचारतो की बदल्यात कोणते पद रद्द करता. मग सेवाप्रवेश नियम : पदवी कोणती, वय किती, अनुभव कोणत्या प्रकारचा. मग जाहिरात, परीक्षा, निकाल, एखादी कोर्टकचेरी. या फेऱ्यात दोन-तीन वर्षे सहज जातात आणि तोवर ज्या तंत्रासाठी माणूस हवा होता ते तंत्रच मागे पडलेले असते. म्हणून खाती सोपी वाट धरतात. माहिती सुरक्षा अधिकारी नेमा असा आदेश आला की आहे त्याच उपसचिवाला किंवा अभियंत्याला अतिरिक्त कार्यभार. तो माणूस प्रामाणिक असतो, पण त्याच्या टेबलावर आधीच दोन कार्यभार असतात आणि तिसऱ्या वर्षी त्याची बदली होते. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘सायबर सुरक्षित भारत’ उपक्रमात अशा बाराशे अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचे ठरले. चार-पाच दिवसांचे प्रशिक्षण वाईट नव्हेच. पण त्याने जुन्या कार्यभाराला नवे नाव मिळते, नवा माणूस मिळत नाही.

पगाराचे दुखणे सगळ्यांना ठाऊक आहे. एनआयसीने २०२३ मध्ये ५९८ जागांची जाहिरात काढली. त्यातल्या ‘सायंटिस्ट-बी’ या पदाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते धरून नवख्याला हे कमी नाही. अडचण पुढे येते. आठ-दहा वर्षे हल्ले हाताळलेल्या माणसाला पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळुरूत जे मिळते, त्याच्या जवळपासही सरकारी श्रेणी जात नाही, आणि अशा अनुभवी माणसाला मधल्या पायरीवर आत घ्यायची वाट फारच अरुंद आहे. उरते कंत्राट. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत आलेला तरुण अकरा महिन्यांच्या करारावर काम करतो, सर्व्हरचे पासवर्ड त्याच्याकडे असतात, आणि चांगली संधी आली की तो जातो. त्याला दोष कसा द्यायचा? पण राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्याची नोकरी दिवाळीपर्यंतही पक्की नाही त्याच्या हाती असणे, हे या सगळ्या कहाणीत मला सर्वात जिव्हारी लागणारे आहे.

पदवीच्या अटीबद्दलही बोलले पाहिजे. पुण्यात ‘क्विक हील’ ही संगणक सुरक्षेची कंपनी उभी केली ती काटकर बंधूंनी. थोरले कैलास दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले होते, धाकटे संजय संगणकशास्त्र शिकले आणि त्यांनी व्हायरस हटवणारी प्रणाली लिहिली. थोरल्या भावाचा अर्ज कुठल्याही सरकारी छाननीत पहिल्याच टेबलावर बाद झाला असता.

गुणी माणसाला सरकारपासून दूर ठेवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे भीती. हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद यांनी २०१० साली मतदान यंत्रातल्या त्रुटी दाखवल्या. ज्या यंत्रावर त्यांनी प्रात्यक्षिक केले ते मुंबईतल्या सरकारी ताब्यातून चोरीला गेलेले होते असा आरोप ठेवून ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. यंत्र कुठून आले याची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्या अटकेने तंत्र जाणणाऱ्या तरुणांपर्यंत काय निरोप गेला? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३वे कलम मालकाच्या परवानगीशिवाय प्रणालीत शिरणे चुकीचे ठरवते, आणि चांगल्या हेतूने सुरक्षेतले भोक शोधणाऱ्यासाठी त्यात वेगळी सवलत लिहिलेली नाही. मग ज्याला भोक दिसते तो गप्प बसतो किंवा परदेशी कंपनीची भोके शोधून तिचे बक्षीस घेतो.

४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्ट-इनने अणुऊर्जा महामंडळाला कळवले की तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज प्रकल्पात घातक प्रणाली शिरली आहे. लोकांना ते ऑक्टोबरच्या अखेरीस कळले, तेही समाजमाध्यमांवरून. त्यावर बोलणाऱ्यांत पूर्वी सरकारी तांत्रिक गुप्तचर संस्थेत काम करून बाहेर पडलेला एक तज्ज्ञ होता. प्रकल्पाने २९ ऑक्टोबरला असा हल्ला शक्यच नाही असे पत्रक काढले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या मुख्यालयाने कबूल केले की प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात ती प्रणाली होती, अणुभट्टीचे नियंत्रण त्यापासून वेगळे आहे. ते वेगळेपण खरोखर मोलाचे होते. मन खट्टू होते ते एवढ्यासाठी की धोका ओळखणारा जाणता माणूस सरकारच्या आत टिकला नव्हता.

पुढच्या वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सांगितले की यंत्रणेत चौदा ‘ट्रोजन हॉर्स’, म्हणजे साळसूद रूपात शिरणाऱ्या घातक प्रणाली, सापडले, घातपाताची शक्यता आहे. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, कारण मानवी चूक. त्याच मार्चमध्ये एमआयडीसीच्या, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या, सर्व्हरवर माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर प्रणालीचा हल्ला होऊन कार्यालयांचे कामकाज अडकले.

आणि मग एम्स. २३ नोव्हेंबर २०२२च्या सकाळी दिल्लीच्या एम्समध्ये संगणक चालेनात. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली होती. ओपीडीच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल, सगळे कागदावर आले आणि जवळपास दोन आठवडे तसेच चालले. बिहार-उत्तर प्रदेशातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे त्या रांगांत उभी होती. संसदेत सरकारने कारण सांगितले की जाळ्याचे योग्य विभाजन केलेले नव्हते. म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा तेवढा लावलेला आणि आतल्या सगळ्या खोल्या सताड उघड्या. हे दुरुस्त करायला महागडे यंत्र लागत नाही. जाळ्याचा नकाशा पाठ असलेला आणि ‘हे असे चालणार नाही’ असे संचालकांना सांगण्याइतका अधिकार असलेला माणूस लागतो. सरकारी संस्थांशी संबंधित घटनांची सर्ट-इनकडची नोंद २०२१ मध्ये ४८,२८५ होती, ती २०२२ मध्ये १,९२,४३९ झाली. एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या आदेशाने हल्ल्याची खबर सहा तासांत देणे त्या वर्षी बंधनकारक झाले होते, त्यामुळे काही वाढ नोंदणीतलीही असू शकते.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेत २०१५ साली सरकारी कर्मचारी कार्यालयातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. पदवी न बघता कौशल्य बघून, बाजारभावाच्या जवळ पगार देऊन सायबर तज्ज्ञ घेण्याची मुभा तिथल्या संसदेने गृहसुरक्षा खात्याला २०१४ मध्येच दिली होती. ती योजना प्रत्यक्ष सुरू व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला.

आपल्याकडे महाराष्ट्राने ८३७ कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प हाती घेतला आहे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये जबाबदाऱ्यांची वाटणी नव्याने करून समन्वयाचे काम राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाकडे दिले. त्याच महिन्यात गृहमंत्री अमित शाह यांनी पाच वर्षांत पाच हजार ‘सायबर कमांडो’ तयार करण्याची घोषणा केली. ते राज्यांच्या आणि केंद्राच्या पोलीस दलांतूनच निवडले जातात, काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतात आणि आपापल्या दलात परत जातात. आकृतिबंधात त्यांचे मूळ पद शिपाई, हवालदार किंवा उपनिरीक्षक हेच असते.