जोरदार स्प्रिंग लावली की अ‍ॅक्सिलरेटर सुधारतो?

मुंबईच्या गॅरेजांत जुन्या गाड्यांबद्दल एक समज पक्का आहे: आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाची संथ चाल) वर-खाली झालं, पेडल सावकाश परत आलं की रिटर्न स्प्रिंग, म्हणजे पेडल मागे खेचणारी स्प्रिंग, कडक लावा. हे उलटं आहे. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पेडलला दांडीने जोडलेला असेल तर दोष बहुधा झिजलेल्या बुशात, म्हणजे दांडीच्या सांध्यातल्या छोट्या नळीवजा तुकड्यात असतो. कडक स्प्रिंग तोच बुश एका बाजूने आणखी खाते.

तपासणी सोपी. इंजिन बंद ठेवून दांडी हाताने हलवा. पेडल न हलता दांडी खुळखुळली तर बुश गेला. मग दांडी काढा, इंजिन चालू करा. आयडलिंग तरीही डळमळलं तर कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) स्पिंडलकडे, म्हणजे थ्रॉटल ज्यावर फिरतो त्या दांड्याकडे बघा. तिथून हवा घुसत असेल, आणि तो वेगळाच आजार.

नायलॉनचा नवा बुश हातोडीने ठोकू नका, चिरतो. गरम पाण्यात थोडा मऊ करून बोल्ट, नट आणि दोन वॉशरने ओढून बसवा. बुशात फिरणाऱ्या पिनवर चर पडला असेल तर पिनही बदला, नाहीतर नवा बुश टिकणार नाही. शेवटी पेडल तळाला टेकवून थ्रॉटल पूर्ण उघडतो का आणि सोडताच आपोआप पूर्ण मिटतो का ते पाहा. आयडलिंग कमी-जास्त करणारा आयडल स्क्रू त्यानंतरच फिरवा.